शेवटची रेस

आधी शिट्टी ऐकू आली, मग निळा धूर दिसला आणि सगळ्यात शेवटी गाडी. करंजीच्या पुढं तिसगावच्या वाटेवर जो फाटा लागतो, तिथं वाल्मिकचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, चार पत्रे, एक कडुनिंब आणि गाडीखाली शिरायला खणलेला खड्डा. पण माणसं पाथर्डीहून, शेवगावहून गाड्या घेऊन यायची. नगरला चार ठिकाणी फिरून हात टेकले, की कोणीतरी सांगायचं, फाट्यावरच्या वाल्मिककडं जा, तो दुखणं शोधतो.

वाल्मिक खड्ड्यात होता. वर एका टेम्पोचं पोट उघडं होतं. शिट्टी कानावर येताच त्यानं ओळखलं की टर्बो गेला. धूर नाकात शिरला तेव्हा हेही ओळखलं, की गाडी डिझेलबरोबर ऑईलही जाळते आहे. मग गाडी कडुनिंबाखाली येऊन थांबली आणि थांबता थांबता ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटरवर पाय दाबून एक मोठी रेस मारली. इंजिन बोंबललं आणि त्या बोंबेतच त्यानं चावी फिरवून ते बंद केलं.

वाल्मिकच्या हातातला पाना तिथंच थांबला. गाड्या हजार असतात, पण ही रेस एकाच माणसाची होती. जुन्या जीपांच्या, ट्रकच्या जमान्यातली ही सवय. बंद करण्याआधी एक रेस मारली की गाडी पुन्हा लवकर चालू होते, असं तेव्हाचे ड्रायव्हर समजायचे. सहादेव मुकादमानं मात्र त्या सवयीचा रुबाब करून टाकला होता. ऊसतोडीच्या फडावर ती रेस ऐकू आली की बसलेली माणसं उठायची, बाया पोराला छातीपासून बाजूला करायच्या, चहाची पातेली चुलीवरून उतरायची. मुकादम आला हे सांगायला दुसरं काही लागायचं नाही.

तेरा वर्षांपूर्वी ही गाडी नवी कोरी होती. वाल्मिक सोळा वर्षांचा होता. बाप बन्सी आणि आई छबूबाई मुकादमाच्या टोळीत होती आणि टोळी संगमनेरच्या बाजूला प्रवरेकाठच्या एका फडात उतरली होती. उसानं भरलेली ट्रॉली फडातून निघताना चिखलात मागं सरकली आणि चाक छबूबाईच्या डाव्या पावलावरून गेलं. ट्रॅक्टर फसला तो फसलाच. बांधावर मुकादमाची पांढरी गाडी उभी होती, चालू. वाल्मिकनं जाऊन त्याचे पाय धरले. मुकादमानं मागचं दार उघडलं. खताची रिकामी गोणी आणून सीटवर अंथरली. वाल्मिकला वाटलं, सुटलो. पण मुकादम तसाच उभा राहिला. मग त्यानं गोणीची घडी केली.

“गोनीतनं झिरपंल रे,” तो म्हणाला. “नवी गाडी हाय. दुसरा ट्रॅक्टर येतोच हाय.”

मग गाडीत बसून त्यानं रेस मारली, गाडी बंद केली आणि चावी खिशात टाकली. दुसरा ट्रॅक्टर यायला तास गेला. संगमनेरच्या डॉक्टरांनी पाऊल अर्धं कापलं आणि सांगितलं, लवकर आणलं असतं तर कदाचित राहिलं असतं. त्या कदाचितवर वाल्मिकनं तेरा वर्षं काढली. बाप पुढं दम्यानं गेला. वाल्मिकनं ऊस सोडला आणि नगरच्या एका गॅरेजात पाने उचलायला राहिला. कष्टाची खोड होतीच. पण खरं सांगायचं तर तो गाड्या शिकला ते रागानं.

आता ती गाडी त्याच्या दारात उभी होती. तो खड्ड्यातून वर आला. मुकादम उतरला. पोट सुटलं होतं, केस काळे केलेले होते, बाकी तोच पांढरा शर्ट आणि पांढरी विजार. वाल्मिक त्याच्या डोळ्यांत बघत राहिला. मुकादमानंही बघितलं, पण भिंतीकडं बघावं तसं.

“मिस्तरी तूच का?” तो म्हणाला. “दोन टर्बो घातले सालभरात. दोन्ही जळाले. नगरवाल्यांनी फसवलं मला. दसरा आठ दिवसांवर आला, टोळ्या गोळा करायच्यात. तुझ्याच्यानं हुईल का न्हाई ते आत्ता सांग.”

कडुनिंबाखाली छबूबाई बसली होती. तिचं काम ठरलेलं होतं. वाल्मिक जे काही सोडवायचा ते ती घमेल्यात डिझेलनं धुवायची आणि जी जी नळी असेल ती धुऊन झाल्यावर तोंडानं फुंकून बघायची. वारा पलीकडून निघाला तरच नळी पुन्हा गाडीत जायची. डिझेलची चव तिच्या जिभेला इतकी बसली होती, की सून रोहिणी म्हणायची, आत्याबाईंना भाजीत मीठ कमी पडलं तर कळत नाही, पण डिझेलात रॉकेल असलं तर लगेच कळतं. तिनंही ती रेस ऐकली होती. तिनं डावा पाय लुगड्याखाली ओढून घेतला होता.

“म्हातारे, पानी दे जरा,” मुकादम तिच्याकडं न बघता म्हणाला.

वाल्मिक पुढं होणार होता. छबूबाईनं त्याला डोळ्यानंच थांबवलं. ती उठली, लंगडत माठापाशी गेली आणि तांब्या भरून आणला. मुकादमानं चूळ भरली आणि ती घमेल्याशेजारीच टाकली. तिच्या चालण्याकडं त्याचं लक्ष गेलं.

“पायाला काय झालं?”

“गेला,” छबूबाई म्हणाली.

“हं,” तो म्हणाला, तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला आणि तो बोलत बोलत टपरीकडं निघून गेला. कसा गेला, कधी गेला, हे त्याला ऐकायचं नव्हतंच. वाल्मिकला वाटलं होतं, हा माणूस समोर आला तर आपल्याला बघून निदान चपापेल. तो चपापला नाही. तेरा वर्षं ज्याच्या नावानं दात खाल्ले त्याला आपलं तोंडसुद्धा आठवत नाही, याचा राग पहिल्या रागापेक्षा मोठा होता.

त्यानं बॉनेट उघडलं. इंजिनाकडं हवा नेणारा जाड रबरी पाईप सोडवून आत बोट घातलं. बोट ऑईलनं माखून बाहेर आलं. मग टर्बोच्या तोंडातून दोन बोटं घालून त्यानं पंखा धरला आणि हलवला. पंखा जागेवर गोल फिरायला हवा, तो वरखाली डुलत होता. पाती कडेला घासून बोथट झाली होती. म्हणून ती शिट्टी, म्हणून तो निळा धूर आणि म्हणून चढाला गाडी मरगळायची.

टर्बो जातो कशानं, हे वाल्मिकला पाठ होतं. हा पंखा इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि इंजिनात हवा कोंबतो. एवढ्या फेऱ्यांत त्याचा दांडा टिकतो तो फक्त ऑईलच्या बारीक धारेवर. इंजिन बंद झालं की धार बंद. आता कोणी गाडी पळवत आणली, वर रेस मारली आणि त्याच दमात बंद केली तर काय होणार? पंखा जोरात फिरत राहतो आणि त्याला ऑईल मिळत नाही. राहिलेलं ऑईल तापलेल्या लोखंडावर करपतं आणि त्याचा कोळसा होतो. दोन टर्बो नगरवाल्यांनी नव्हते मारले. मुकादमाच्या रुबाबानं मारले होते.

हे कळलं तेव्हा वाल्मिक बॉनेटखाली तोंड घालून हसला. ज्या रेसनं त्याच्या आईला चिखलात ठेवलं, तीच रेस आता ह्या गाडीला खात होती. त्याला हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण त्यानं सांगितलं नाही. मुकादम टपरीवरून आल्यावर त्यानं फक्त एवढंच सांगितलं, की टर्बो नवा लागेल, ऑईल-फिल्टर बदलावं लागेल आणि टर्बोला ऑईल देणारी बारीक नळीसुद्धा नवी आणा. तीन दिवस लागतील. मुकादम कुरकुरला, पण नगरला माणूस पाठवतो म्हणाला आणि कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून गेला.

दुसरा दिवस खोलण्यात गेला. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. टर्बोचे नट धुराच्या नळीशी असे गंजले होते की पाना लावला की घसरायचा. वाल्मिकनं त्यांच्यावर डिझेल सोडलं, हातोडीनं हळूहळू ठोकलं, पुन्हा डिझेल सोडलं. तिसरा नट सुटताना पाना निसटला आणि उजव्या हाताची बोटं लोखंडावर आपटून सालटं निघाली. तो शिवी देऊन पुन्हा वाकला. रोहिणी कापूस वेचून दुपारी भाकरी घेऊन आली तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. तिनं विचारलं, एवढी कोणाची गाडी अंगावर घेतलीय. छबूबाईनंच तिला नाव सांगितलं. रोहिणीनं भाकरीचं फडकं तिथंच ठेवलं आणि गाडीकडं बघत म्हणाली, “जाळून टाका की मग.”

संध्याकाळच्या आत टर्बो हातात आला. त्याच्या डोक्यावर जी बारीक नळी बसते ती वाल्मिकनं सोडवून आईकडं टाकली. छबूबाईनं ती धुतली, दोन्ही टोकं पदरानं पुसली आणि तोंडाला लावली. फुंकलं. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण पलीकडून वारा निघाला नाही. तिनं तार घातली. आतून करपलेल्या ऑईलची काळी खपली निघाली, पण नळी मोकळी झाली नाही. नगरवाल्यांचंही चुकलं होतं, ते इथं. त्यांनी टर्बो नवे घातले आणि नळी ही जुनीच ठेवली. छबूबाईनं तिच्यावर लाल चिंधी बांधली. लाल चिंधी म्हणजे हे पुन्हा गाडीत जायचं नाही. गॅरेजचा तो कायदाच होता आणि तो तिनंच केला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाचा माणूस खोकं देऊन गेला. टर्बो होता, नवी नळीही होती. वाल्मिकनं नळी प्लास्टिकच्या पिशवीसकट खिळ्याला अडकवली. छबूबाई रोहिणीबरोबर आडावर धुणं धुवायला गेली होती. गॅरेजात तो आणि गाडी दोघंच.

नगरला शिकत असताना त्यानं एकदा इंजिन पळताना बघितलं होतं. टर्बो फुटतो, त्यातून ऑईल इंजिनात शिरतं आणि इंजिन तेच ऑईल पिऊन पळू लागतं. मग चावी फिरवा, काढून फेकून द्या, ते थांबत नाही. आवाज चढत जातो, धुरानं रस्ता भरतो आणि शेवटी आतलं लोखंड बाहेर येतं. त्या वेळी गॅरेजातली सगळी माणसं रस्त्यापलीकडं पळाली होती. वाल्मिकला आता करंजीचा घाट दिसत होता. घाटात ही गाडी, गाडीत मुकादम, हातात चावी आणि इंजिन ऐकत नाही. त्याला ते इतकं स्पष्ट दिसलं की तोंडाला पाणी सुटलं. बरं, नवं काही करायचंच नव्हतं. फक्त नवी नळी खिळ्यावरच राहू द्यायची होती, एवढंच. नगरवाल्यांनी दोनदा केलं तेच तिसऱ्यांदा होणार होतं.

त्यानं लाल चिंधी सोडली आणि जुनी नळी नव्या टर्बोवर बसवली. नट गच्च आवळले. फार दिवसांनी त्याला बरं वाटलं.

छबूबाई आली. धुणं दोरीवर टाकून घमेल्यापाशी बसली. तिच्या घमेल्याशेजारी लाल चिंधी पडली होती. तिनं ती उचलली, बघितली, खिळ्याकडं बघितलं. नवी नळी पिशवीत तशीच लटकत होती. ती उठून गाडीपाशी आली आणि बॉनेटमध्ये वाकून बघितलं.

“जुनी घातलीस.”

वाल्मिकनं पाना फडक्यानं पुसायला घेतला.

“किती दिस चालंल?”

“महिना. न्हाईतर दोन. घाटाला जोर लागला की जाईल,” तो म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. “तुज्यासाठीच करतोय आई. तेरा वर्सं मी ह्येचीच वाट बघितली.”

छबूबाईनं बॉनेटच्या कडेला दोन्ही हात टेकले. उन्हातून आल्यामुळं तिचा श्वास लागला होता.

“पाय कुनाचा गेला?” तिनं विचारलं.

“तुजा.”

“मग मला इचारलंस का?”

वाल्मिकनं मान खाली घातली. ती पुढं बोलत राहिली, आवाज न चढवता. “त्यो घाटात मेला तर सुटला. मेल्यावर त्याला काय कळनार हाय? कशापायी मेला ह्येबी कळायचं न्हाई. आन त्याच्या गाडीत मागं टोळीतल्या बाया असत्यात, त्या फुकाट जातील. मला त्यो सुटाय नको. मला त्याला ठाव असाय पायजे. रोज ठाव असाय पायजे.”

“मग काय करू म्हनतीस?”

“नवी घाल. गाडी अशी कर की धा वर्सं पळंल. आन मला तीत बसायचंय, फुडच्या शीटवर.”

वाल्मिकला तेव्हा तिच्या मनातलं सगळं कळलं नाही. पण आई असं मागून कधी काही घेत नव्हती. त्यानं मुकाट्यानं नट सोडले. जुनी नळी तिच्या हातात दिली. तिनं ती जमिनीवर ठेवून हातोडीनं चेपून टाकली, म्हणजे पुन्हा कोणाला मोह नको. नवी नळी पिशवीतून काढून तिनं फुंकली. वारा पलीकडच्या टोकाला ठेवलेल्या तिच्याच तळहाताला लागला. तिनं नळी लेकाकडं दिली.

मग वाल्मिकनं जे काम केलं ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम होतं. हवा थंड करणारी जाळी उलटी करून त्यानं तिच्यात साठलेलं जुनं ऑईल निथळवलं, ती पेट्रोलनं दोनदा धुतली, उन्हात वाळवली. ऑईल-फिल्टर बदललं. टर्बोच्या डोक्यातल्या भोकातून हातानं ऑईल सोडून पंखा बोटानं फिरवला, म्हणजे पहिला फेराही कोरडा जायला नको. डिझेल तोडून इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवलं आणि खालच्या नळीतून ऑईल परत येताना दिसलं तेव्हाच डिझेल जोडलं. गाडी चालू झाली ती गप्पपणे, शिट्टी नाही की धूर नाही. रागानं शिकलेली विद्या रागाच्याच गाडीवर अशी नीट चालावी, याचं त्याला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

चार वाजता मुकादम आला. घाटापर्यंत चालवून दाखव म्हणाला आणि पुढच्या दाराकडं वळला. पुढं छबूबाई बसली होती. धुतलेलं लुगडं, केस चापून बसवलेले, दोन्ही हात मांडीवर.

“ही म्हातारी कुठं निघाली?”

“आवाज तिच्याच कानाला कळतो,” वाल्मिक म्हणाला. “तुमी मागं बसा. गोनी अंथरलीय, कपडे खराब व्हायचे न्हाईत.”

मागच्या सीटवर खताची रिकामी गोणी होती. मुकादमाला ते आवडलं नाही, पण गाडी बरी होईपर्यंत मिस्तरीपुढं कोणाचंच काही चालत नसतं. तो मागं बसला.

गाडी घाटाकडं निघाली. छबूबाईनं काच खाली केली. ती गाडीत क्वचितच बसलेली होती, आणि या गाडीत बसायचं तिच्या मनात एकदाच आलं होतं, चिखलात पडलेली असताना. घाटाच्या पहिल्या वळणाला वाल्मिकनं जोर दिला. गाडीनं चढ असा घेतला की मुकादम मागं टेकला आणि वा म्हणाला. तिसऱ्या वळणावरून त्यांनी गाडी वळवली. परतीच्या वाटेवर मुकादम खुशीत बोलत होता, टोळ्या किती, माणसं किती, यंदा सगळ्यांच्या आधी फड गाठतो की नाही बघ. 

गॅरेजापाशी गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. वाल्मिकनं ती बंद केली नाही.

“कर बंद,” मुकादम मागून म्हणाला. “मार रेस आन कर.”

“रेस मारायची न्हाई,” वाल्मिक म्हणाला. “तुमचे दोन्ही टर्बो रेसनं गेले. पळवून आनली की उभ्या गाडीवर इंजिन नुसतं चालू ठेवायचं. पंखा थंड हुतो, मग बंद करायची. न्हाईतर हाबी जळंल, तिसरा.”

“रेस मारल्याबिगर गाडी बंद करतेत व्हय कुनी?” मुकादम म्हणाला, पण तिसरा म्हटल्यावर त्याचा आवाज खाली आला. “किती येळ ठिवायची?”

वाल्मिक एक मिनिट म्हणणार होता. एक मिनिट पुरतं.

“पाच मिन्टं,” छबूबाई म्हणाली. “घड्याळ लावून.”

मुकादमानं वाल्मिककडं बघितलं. आईचं बोलणं खोडून काढायला वाल्मिक काही शाळेतला मास्तर नव्हता. “व्हय,” तो म्हणाला. “पाच. आन तुमी सोता शीटवर बसून ऱ्हायचं. चालू गाडी सोडून जायचं न्हाई.”

छबूबाईनं डाव्या पायातली चप्पल काढली. चपलेच्या पुढच्या भागात चिंध्यांचा बोळा कोंबलेला होता, तोही काढला. मग तिनं तो पाय उचलून दोन सीटांच्या मध्ये ठेवला, मागच्याला नीट दिसेल असा. बोटं नव्हती. जिथं बोटं असायची तिथं कातडी मुरडून शिवलेली होती आणि टाच तेवढी माणसाची होती.

“मुकादम, वळखलं का?” ती म्हणाली. “परवा तुमी इचारलंत आन मी सांगायच्या आत निघून गेलात. बन्सीची मी. संगमनेरकडच्या फडात ट्राली फसली हुती, बांधावर ही गाडी हुती. अशीच चालू. दार उघडं, गोनी अंथरलेली. तुमी इचार करत उभं हुता. मी चिखलात पडून बघत हुते, आता हात देतील, आता देतील. पाच मिन्टं तुमी इचार केला. मग रेस मारली.”

इंजिन चालू होतं. मुकादमानं बाहेर बघितलं, तर तिथं रोहिणी धुणं काढायचं सोडून उभी होती. त्यानं समोर बघितलं, तर आरशात वाल्मिकचे डोळे होते. खाली बघितलं, तर पाय.  एकदा त्याचा हात दाराकडं गेला.

“बसा,” वाल्मिक म्हणाला. “अजून तीन ऱ्हायल्यात.”

“त्या टायमाला… नवी हुती गाडी,” मुकादम पुटपुटला. ते त्याच्याच कानाला बरं लागलं नसावं.  छबूबाई वाल्मिकच्या मोबाईलवर लावलेल्या घड्याळाचे आकडे बघत होती. आकडे तिला तेवढे येत होते.

“झालं,” ती म्हणाली. वाल्मिकनं चावी फिरवली. गाडी गप्प झाली, रेस न मारता.

मुकादम खाली उतरला तेव्हा त्याच्या पांढऱ्या विजारीच्या बैठकीवर हाताच्या पंजाएवढा काळा डाग पडला होता. गोणी कोरडी दिसत होती, पण तिच्या खाली सीटवर जळकं ऑईल होतं. ते तिथं कुठून आलं, हे वाल्मिकनं आईला कधीच विचारलं नाही.

“गोनीतनं झिरपतं, मुकादम,” छबूबाई म्हणाली आणि चपलेत चिंध्यांचा बोळा घालू लागली.

मुकादमानं डागावर हात फिरवला, हात काळा झाला, तो कुठं पुसावा हे त्याला कळेना. टपरीवरची दोन माणसं हसली. कामाचे पैसे त्यानं बॉनेटवर ठेवले आणि निघून गेला. जाताना त्यानं कोणालाच मिस्तरी किंवा म्हातारे अशी हाक मारली नाही.

पौषात एका दुपारी वाल्मिकच्या आतेभावाचा, अजिनाथचा, फडावरून फोन आला. अजिनाथ अजून मुकादमाच्याच टोळीत होता. बोलता बोलता त्यानं मजा सांगितली. मुकादमाला काय झालंय कळत नाही, म्हणाला. फडावर येतो तो गुपचूप, रेस नाही की काही नाही. गाडी उभी करतो आणि आतच बसून राहतो. काच वर, गाडी चालू, डोळे मोबाईलवर. कोणी म्हणतं जप करतो, कोणी म्हणतं शुगर वाढलीय. तोवर बसलेली माणसं आरामात उठतात, बिड्या विझवतात, बाया पोरांना पाजून घेतात. तो उतरतो तेव्हा सगळे आपापल्या कोयत्यावर असतात आणि बोलायला त्याला काही राहत नाही. एकदा अजिनाथनं जवळून बघितलं, तर मुकादम आरशातून मागच्या सीटकडं बघत होता. मागं तर कोणीच नव्हतं.

छबूबाई घमेल्यापाशी बसली होती. फोन मोठ्या आवाजात लावलेला होता.

“किती येळ बसतो?” तिनं विचारलं.

“पाच मिन्टं, मामी. मोबाईलवर लावून. दर बारीला.”

फोन ठेवल्यावर वाल्मिकनं तिच्याकडं बघितलं. हातातला पाना त्यानं खाली ठेवला.

“आई,” तो म्हणाला, “टर्बोला एक मिन्ट पुरतं.”

“मला ठाव हाय की,” छबूबाई म्हणाली. “धा वर्सं झाली तुज्या गॅरेजात. एक गाडीचं. चार माजी.”

तिनं धुतलेली नळी पदरानं पुसली, तोंडाला लावली आणि फुंकली.